रक्त आटून वीर्य होत नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय: ‘शंभर थेंब रक्त आटतं तेव्हा वीर्याचा एक थेंब बनतो. साठवलेलं वीर्य मेंदूला बळ देतं. साठा संपला की माणूस खंगतो.’ कुठे शंभरच्या जागी चाळीस असतात. नववी-दहावीची पोरं हे वाचून धास्तावतात, म्हणून एकेक वाक्य धरून उत्तर देतो.

आधी ते शंभर थेंब. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण दोन ते पाच मिलिलिटर. तीन धरा. शंभर पटीने ३०० मिलिलिटर रक्त झालं. रक्तदानात ३५० मिलिलिटरची पिशवी भरतात आणि त्यानंतर पुरुषाला तीन महिने पुन्हा रक्त देऊ देत नाहीत. मजकूर खरा असता, तर लग्नानंतर महिन्याभरात नवरे रक्तक्षयाने अंथरुणाला खिळले असते.

वीर्याचा बहुतेक भाग नुसता द्रव असतो. निम्म्याहून जास्त शुक्राशय नावाच्या ग्रंथींतून येतो, उरलेला बराचसा प्रोस्टेट ग्रंथीतून. शुक्रपेशींचा वाटा शंभरात जेमतेम पाच. म्हणूनच नसबंदीनंतर वीर्य कमी झाल्याचं सहसा जाणवतही नाही.

आता साठा. शुक्रपेशी तयार होतात वृषणातल्या केसासारख्या बारीक, वेटोळ्या नलिकांत. त्यांच्या भिंतीलगत मूळपेशी असतात. त्या विभागत राहतात. काही तिथेच मूळपेशी म्हणून थांबतात, बाकीच्या पुढच्या वाटेला लागतात. मूळपेशी टिकून राहतात, म्हणून वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत हे काम चालू राहतं. पुढे गेलेल्या पेशीतली ४६ गुणसूत्रं अर्धसूत्री विभाजनात २३ वर येतात, एकीच्या चार होतात, मग प्रत्येकीला शेपूट फुटतं. याला सुमारे ६४ दिवस लागतात. पोहण्याची ताकद त्यांना नंतर वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणात येते. रोज अशा कोट्यवधी तयार होतात. न वापरलेल्या तिथेच विरघळून शरीरात शोषल्या जातात. मेंदूकडे जाणारी वाट त्यांना नाहीच.

आणि रक्त? ते नलिकांच्या बाहेरच थांबतं. नलिकांच्या भिंतीतल्या सर्टोली नावाच्या आधारपेशी एकमेकींना घट्ट बिलगून आत तटबंदी करतात, कारण वयात आल्यावर जन्मणाऱ्या या पेशींना शरीराची प्रतिकारशक्ती परकं समजू शकते. रक्त वृषणाला प्राणवायू, अन्न आणि संप्रेरकं पुरवतं, जसं डोळ्यालाही पुरवतं. डोळा काही रक्त आटून बनत नाही.

रक्तापासून शुक्र, म्हणजे वीर्य, बनतं यासाठी कुणी आयुर्वेदाचा हवाला देतं. पण आयुर्वेदात शरीराचे जे सात धातू क्रमाने सांगितलेत, त्यांत रक्त दुसरं आणि शुक्र सातवं. मध्ये मांस, मेद, अस्थी, मज्जा आहेत.

राहिला अशक्तपणा. झोपेत वीर्य जाण्याला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो, आणि त्या ‘दोषा’नेच मुलं निम्मी खचतात. मनोविकारतज्ज्ञ या भीतीला ‘धात सिंड्रोम’ म्हणतात. भारतीय मनोविकारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये हे नाव दिलं. थकवा खरा असतो, कारण वेगळं असतं: कधी कमी हिमोग्लोबिन, कधी कमी बी-१२ जीवनसत्त्व, कधी अपुरी झोप, पुष्कळदा उदासी. भिंतीवरच्या जाहिरातीतली पावडर आणण्याआधी डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या, आणि मन लागत नसेल तर तेही त्यांच्या कानावर घाला.