मत माझं, शिक्का पलटणीचा

तुम्ही सैन्यात आहात, तुम्हाला राजकीय मत आहे आणि ते एखाद्या खासदाराच्या कानावर घातल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही. अभिनंदन! या तिन्ही गोष्टी सुट्या असतील तर कोणाचं काही बिघडत नाही. त्या एकत्र कशा आणायच्या ते सांगायला मी बसलोय.

सुरुवात कागदापासून. साध्या कोऱ्या कागदावर, घरचा पत्ता घालून पत्र लिहिणं हा भित्र्यांचा मार्ग. असं पत्र खासदाराच्या कार्यालयात एखादा कंटाळलेला पोरगा उघडतो, वरवर चाळतो आणि इतर नागरिकांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात सरकवतो. तुम्ही काय नुसते नागरिक आहात? ऑफिसचं लेटरहेड घ्या. वर बोधचिन्ह, खाली सही, सहीखाली हुद्दा, हुद्द्याखाली पदकांची यादी आणि सगळ्यात खाली गोल शिक्का. पुसट उमटला तर शेजारी आणखी एक मारा. मधे उरलेल्या जागेत ठळक अक्षरांत लिहा : 'हे माझं पूर्णपणे वैयक्तिक मत आहे.' या वाक्याची जादू अशी, की ते लिहिलं रे लिहिलं की वरचं बोधचिन्ह आणि खालचे दोन्ही शिक्के वाचणाऱ्याला दिसेनासे होतात.

मजकुरात 'मी' फार येऊ देऊ नका. 'मी'ला वजन नसतं. 'सैन्यात तीव्र भावना आहेत' असं लिहा. सर्वेक्षण? तुम्ही ते केलेलंच आहे. परवा मेसमध्ये रात्री जेवण उरकल्यावर तुम्ही सरकारच्या धोरणावर पाऊण तास बोललात, तेव्हा समोर तिघे होते. एकानं मान डोलावली. त्याची सकाळपासून ड्युटी होती आणि मान आपोआप खाली जात होती. दुसऱ्याचा वार्षिक गोपनीय अहवाल तुम्हीच लिहिणार आहात, तो 'बरोबर आहे सर' म्हणाला. तिसरा 'आलोच' म्हणून उठला तो आलाच नाही. तीनपैकी दोघे तुमच्या बाजूनं. पुढचं गणित खासदार करतील.

मतपेटीच्या नादी लागू नका. सैनिकाला टपाली मतदानाचा हक्क असतो, पण ते मत पाकिटात बंद. कोणाला दिलं, कोणालाच कळत नाही. ज्या मतावर हुद्दा छापता येत नाही ते मत कसलं? फ्रान्सच्या सैनिकांना १८७२ च्या कायद्यानं तेवढंही ठेवलं नव्हतं. गणवेशात असेपर्यंत मतदान बंद, ते थेट १९४५ पर्यंत. त्या सैन्याला तिथे 'महामूक' म्हणत. तुमच्या पत्राची लांबी बघता ही पदवी तुम्हाला मिळेल असं वाटत नाही.

आता नियम. वाचलेच पाहिजेत, नाहीतर मोडल्याचं समाधान मिळत नाही. अमेरिकेत सेवेतल्या सैनिकाला खासगी गाडीच्या बंपरवर राजकीय स्टिकर लावता येतो, पण त्याच गाडीवर मोठा राजकीय फलक लावता येत नाही. म्हणजे मत किती इंचांचं असावं हेसुद्धा कोणीतरी बसून ठरवलंय. (ती बैठक बघायला मिळाली असती तर मी रजा टाकून गेलो असतो.) भारतात घटनेच्या ३३ व्या कलमानं सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला दिला आणि १९५० च्या आर्मी अॅक्टमध्ये ती मुरड घातलीही गेली : राजकीय सभा, निदर्शनं, वर्तमानपत्रांशी बोलणं, सगळ्यावर बंधनं. ज्या सभागृहानं तुमचं तोंड बांधलं त्याच सभागृहाच्या सदस्याला तुम्ही मन मोकळं करून लिहिणार. याला म्हणतात विश्वास.

अमेरिकेच्या लष्करी कायद्यातलं ८८ वं कलम तर पाठ करा. अधिकाऱ्यानं राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस (म्हणजे तिथली संसद), संरक्षणमंत्री वगैरेंविषयी तुच्छतेचे शब्द वापरले तर गुन्हा. शब्द खरे होते, हा बचाव चालत नाही. धोरणावर कडक टीका केली आणि ती वैयक्तिक हेटाळणीवर गेली नाही, तर सहसा आरोप ठेवत नाहीत. हा बारीक फरक तुम्ही डोक्यात ठेवू नका, लिहिताना हात अडखळतो. १९६५ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला एका सेकंड लेफ्टनंटनं ड्युटी नसताना, साध्या कपड्यांत, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध एक फलक हातात धरला. कोर्ट मार्शल झालं, सक्तमजुरी आणि बडतर्फी. त्याच्याकडे लेटरहेडसुद्धा नव्हतं.

तुमचा आदर्श वेगळा हवा, मोठा हवा. अमेरिकेचे जनरल डग्लस मॅकआर्थर घ्या. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि तिथले सेनापती तेच होते. परराष्ट्र धोरणावर जाहीर बोलण्याआधी परवानगी घ्या, असा आदेश डिसेंबर १९५० मध्येच निघाला होता. प्रतिनिधिगृहातले विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते जोसेफ मार्टिन यांनी जनरलसाहेबांना त्यांचं मत विचारलं. जनरलसाहेबांनी २० मार्च १९५१ ला उत्तर धाडलं : विजयाला पर्याय नसतो, वगैरे. पत्र खासगी ठेवा अशी विनंती त्यात नव्हती. मार्टिन यांनी दोनेक आठवडे ते जपून ठेवलं, मग ५ एप्रिलला भर सभागृहात वाचून दाखवलं. ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मॅकआर्थर यांना सगळ्या पदांवरून दूर केलं.

इथे वाचणं थांबवू नका, खरी गंमत पुढे आहे. मॅकआर्थर मायदेशी परतले, मिरवणुका निघाल्या, काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत भाषण झालं. १९५२ च्या रिपब्लिकन अधिवेशनात मुख्य भाषणाचा मानही त्यांनाच मिळाला. आणि राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी? तीही एका जनरललाच मिळाली. त्यांचं नाव आयझेनहॉवर.

एकट्यानं भीती वाटत असेल तर सामूहिक पत्र काढा. फ्रान्समध्ये एप्रिल २०२१ मध्ये वीसेक निवृत्त जनरलांनी राष्ट्राध्यक्षांना आणि संसद सदस्यांना देश कसा रसातळाला चाललाय ते कळवलं. मुहूर्त २१ एप्रिलचा, म्हणजे १९६१ मध्ये अल्जीरियातल्या अल्जिअर्सला फ्रेंच जनरलांनी सरकारविरुद्ध बंड केलं त्याचा साठावा वाढदिवस. सह्या करणाऱ्यांत सेवेतले अठरा जण सापडले आणि सरसेनापतींनी त्यांच्यावर कारवाई जाहीर केली. यादी लांब असली की आपलं नाव हरवतं, हा गैरसमज सह्या करणाऱ्यांचा असतो. यादी वाचणाऱ्यांना भरपूर वेळ असतो.

एका मार्गापासून मात्र लांब राहा, कारण तो कायदेशीर आहे. अमेरिकेत सैनिकाला काँग्रेस सदस्याकडे तक्रार करण्यापासून कोणी अडवू शकत नाही, आणि त्याबद्दल सूड घेऊ नये म्हणून १९८८ मध्ये खास कायदा झाला. जर्मनीत १९५६ पासून घटनेतच सैनिकांसाठी संसदेच्या आयुक्ताची तरतूद आहे. साधा शिपाई वरिष्ठांना न विचारता त्याला थेट लिहू शकतो. पण तिथे लिहायचं काय? बूट आठवड्यात उसवले, बराकीचं छप्पर गळतं, भत्ता चार महिने थकलाय. असल्या पत्रावर चौकशी लागते, कधीकधी बूटसुद्धा येतात. त्यात तुमच्या प्रतिभेला वाव कुठाय? पाय ओले असले तरी परराष्ट्र धोरणावरच लिहा.

आणि खासदार निवडताना पारख ठेवा. जो तुमचं म्हणणं खोडून काढेल, उलटे प्रश्न विचारेल, तो नको. जो तुमच्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे बघत बोलतो आणि फोटोग्राफरला 'जरा या बाजूनं घे' म्हणतो, तो तुमचा माणूस. त्याला तुमच्या मताची काही गरज नाही, ते त्याच्याकडे आधीपासून आहे. त्याला हवाय तो गणवेश.

पत्र टाकलंत की वाट बघा. त्याच्या कामाचं असेल तर सभागृहात वाचलं जाईल, त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. कामाचं नसेल तर कोपऱ्यात 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडेल आणि ते मंत्रालयात जाईल. मंत्रालयातून मुख्यालयात, तिथून खाली, आणखी खाली, आणि एका सकाळी तुमच्या कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर. तुम्हाला आत बोलावणं येईल. टेबलावर तेच लेटरहेड, तीच पदकांची यादी, तुमचे दोन पुसट शिक्के. त्यांच्या शेजारी आवक विभागाचा तिसरा, मात्र एकदम ठसठशीत उमटलेला.