‘सगळे आजार ताणाचे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मावशीने बीपीची गोळी परस्पर बंद केली. कारण व्हॉट्सअॅपवर आलेला एक लांबलचक मेसेज, ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेला’. डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही. मेसेजचं म्हणणं असं: नव्वद टक्के आजार ताणामुळे होतात, कॉर्टिसोल हे ताणात वाढणारं हार्मोन म्हणजे विष आहे आणि ते सैंधव घातलेल्या लिंबूपाण्याने धुऊन निघतं, बीपी मनाचा आजार आहे, ताण सोडला की गोळी नको, अल्सर काळजीने होतो आणि कॅन्सर गिळलेल्या रागाने. नव्वदचा आकडा कुठून आला, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. पुढे चला.

कॉर्टिसोल मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींमध्ये रोज तयार होतं, तुमचं मन कितीही शांत असलं तरी. सकाळी उठायच्या सुमारास वाढतं, रात्री उतरतं. ते पुरेसं बनेनासं झालं तर अॅडिसनचा आजार होतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. त्यावर औषध म्हणून दिलं जातं ते कॉर्टिसोलच, हायड्रोकॉर्टिसोन या नावाने. आणि सैंधव म्हणजे मीठच की! बीपीच्या पेशंटला रोज सकाळी मिठाचं पाणी पाजायचं आणि वर गोळी काढून घ्यायची, ही अक्कल कुणाची?

आता बीपी. भांडण झालं, कुणी दचकवलं, की अॅड्रिनलिनमुळे रक्तदाब चढतो आणि थोड्या वेळाने उतरतो. हा झाला ताण. मावशीचा बीपी मात्र गाढ झोपेतून उठल्यावरही चढलेलाच असतो. त्यामागे वय, आनुवंशिकता, वजन, खाण्यातलं मीठ, कडक होत गेलेल्या रक्तवाहिन्या असं बरंच काही असतं. ‘पण मला बरं वाटतंय ना!’ हे तिचं उत्तर. वाटणारच. वाढलेला बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो. त्यातून तिची गोळी अॅटेनोलॉलची. ती एकदम थांबवली तर छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच तर डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. ध्यान, प्राणायाम जरूर करावं. त्याने बीपी थोडा उतरतोही, पण एवढ्यावर गोळी सुटेल असं धरून चालता येत नाही.

ताणाचा हृदयाशी संबंध आहे, हे मात्र मान्य करावं लागतं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या इंटरहार्ट अभ्यासात 52 देशांतले, भारतातलेही, पहिला झटका आलेले सुमारे 15 हजार रुग्ण आणि जवळपास तेवढेच निरोगी लोक तपासले. त्यातून धोक्याचे नऊ मुख्य घटक निघाले आणि त्यांत मानसिक-सामाजिक ताण होता. मेसेजवाले इथेच थांबतील. पण त्याच यादीत वाढलेला रक्तदाब स्वतंत्रपणे आहे. सिगारेट, मधुमेह, कोलेस्टेरॉल, सुटलेलं पोट हेही आहेत. म्हणजे ताण घालवला तरी बीपी आपल्या जागी शिल्लक राहतो आणि त्याचं काय ते वेगळं बघावंच लागतं.

अल्सरचं फार काही सांगायला नको. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा सांधेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. तो जिवाणू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. मार्शलने तर तो स्वतः पिऊन पाहिला होता.

आणि कॅन्सर. राग गिळल्याने कॅन्सर होतो याला ठोस पुरावा नाही. तंबाखूने होतो याला मात्र ढीगभर आहे, आणि आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका काही कमी नाहीत. ओळखीतल्या एका काकूंची किमो चालू असताना भेटायला आलेल्या बाईंनी विचारलं होतं, ‘मनात काही साठवून ठेवलं होतंत का हो?’ म्हणजे आजारही त्यांनाच आणि दोषही त्यांचाच. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा कॅन्सरच्या वॉर्डात जाऊन, पेशंटच्या तोंडावर विचारून दाखवावा.