दिनविशेष कसे वाचावेत

आपल्या गावातील गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन आपल्याकडे आले असेल, तर प्रथम अभिनंदन. या कामाला इतिहासाची थोडीफार जाण लागते, असा एक जुना गैरसमज होता. गेल्या 19 डिसेंबरला आमच्या गावात तो कायमचा दूर झाला. ध्वजवंदन आटोपले होते, प्रमुख पाहुण्यांची गाडी अजून वाटेत होती, तेव्हा सूत्रसंचालकाने खिशातून मोबाइल काढून ‘आजचे दिनविशेष’ वाचायला घेतले आणि ते वाचन वीस मिनिटे चालले. त्यातून मला जे शिकायला मिळाले, ते आपल्याही उपयोगी पडावे म्हणून हा खटाटोप.

यादी पहाटे व्हॉट्सअ‍ॅपवर येते तशीच घ्यावी. ती आधी एकदा वाचून पाहणे म्हणजे पाठवणाऱ्यावर अविश्वास दाखवणे होय.

सूर कोठेही बदलू नये. 1927 साली याच तारखेला रामप्रसाद बिस्मिल यांना गोरखपूरच्या, अशफाकउल्ला खान यांना फैजाबादच्या आणि रोशनसिंह यांना अलाहाबादच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, हे सांगून झाले की त्याच दमात एखाद्या अभिनेत्रीचा वाढदिवस सांगावा आणि टाळ्यांसाठी थांबावे. टाळ्या नेमक्या कोणासाठी, हे श्रोते ठरवतील. काकोरीच्या रेल्वे लुटीच्या खटल्यात फासावर गेलेले चौथे क्रांतिकारक, राजेंद्र लाहिरी, यांचे नाव मात्र घेण्याचे कारण नाही. त्यांना दोन दिवस आधी, 17 तारखेलाच फाशी झाली, तेव्हा ते यादीच्या नियमात बसत नाहीत.

तारीख एक म्हणजे दिवस एक, हे ठाम धरून चालावे. पोर्तूगालने 1582 साली नवी ग्रेगरी दिनदर्शिका स्वीकारली आणि इंग्रजांनी ती 1752 पर्यंत लांबवली, असल्या भानगडींत पडू नये. नाही तर शिवजन्माची 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख जुन्या दिनदर्शिकेतली असून गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तरांत तोच दिवस 1 मार्च होता, हे सांगावे लागेल, आणि तिथी की तारीख हा वाद अजून मिटलेला नसताना त्यात आपण तिसरी भर घातल्याचे पाप लागेल.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे गोव्याच्या तारखा. त्या तीन आहेत आणि त्या एकत्र करून टाकल्यास पुष्कळ वेळ वाचतो. आमच्या सूत्रसंचालकाने सांगितले की, 1946 साली ‘आजच्याच दिवशी’ डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावातून गोवा मुक्त केला आणि त्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. एका वाक्यात 41 वर्षे! लोहिया आसोळण्याला आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले होते. सभाबंदी मोडून त्या दोघांनी मडगावात सभा घेतली ती 18 जून 1946 रोजी, आणि त्या दिवशी मुक्त कोणीच झाले नाही, उलट त्यांना अटक झाली. पोर्तूगालचा हुकूमशहा सालाझार याने शरण जायचे नाही असे बजावलेले असूनही गोव्यातला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने शरणागती पत्करली ती 19 डिसेंबर 1961 च्या संध्याकाळी. घटकराज्य झाले 30 मे 1987 रोजी, आणि मध्ये गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरचा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल होता, ज्यावरून आमच्याकडे भावाभावांत बोलणे बंद झाले होते. मी हे हळूच कानात सांगितले, तर उत्तर आले, “सर, चलता. कोणाक कळटा?”

कोणाला कळते, हा प्रश्न खरा आहे. पणजीत ‘अठरा जून रस्ता’ आहे; तिथे चपला घेणाऱ्या दहा जणांना साल विचारून पाहा. फोंतांयश भागात ‘31 जानेवारी रस्ता’ आहे, आणि त्या दिवशी पोर्तूगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला असे पर्यटकांना बिनदिक्कत सांगितले जाते. ते झाले 1 डिसेंबर 1640 रोजी. 31 जानेवारी हा 1891 साली पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी केलेल्या फसलेल्या उठावाचा दिवस आहे. तारीख पाटीवर उरते, साल गळते आणि माणसे तर त्याआधीच गळालेली असतात.

वेळ कमी पडला तर कोणाला गाळावे, हेही शिकून घ्या. पहिल्या रांगेत आमच्याच वाड्यावरचे, नव्वदी ओलांडलेले एक स्वातंत्र्यसैनिक बसले होते. आग्वादच्या तुरुंगातल्या दिवसांविषयी ते आपणहून कधी बोलत नाहीत; त्या दिवशी तयार झाले होते, चष्म्याच्या घरात घडी करून एक कागदही आणला होता. यादी झाली, पाहुणे आले, पाहुण्यांचे भाषण झाले आणि मग ‘वेळेअभावी’ त्यांच्या खांद्यावर शाल टाकून, हातात नारळ देऊन, फोटो काढून त्यांना पुन्हा खुर्चीत बसवण्यात आले.

अरे, लाज कशी वाटली नाही? 15 ऑगस्ट 1947 नंतर गोव्याला आणखी 14 वर्षे, 4 महिने आणि 4 दिवस थांबावे लागले. त्या काळात इथे तिरंगा लावला की पोलीस उचलून नेत, आणि तसा उचलून नेलेला माणूस तुमच्यापासून चार हातांवर बसला असताना तुम्ही मोबाइलवरचे वाढदिवस वाचत होता. निदान त्यांचे नाव तरी नीट घ्यायचे. तेही दोनदा चुकलात. तो कागद अजून त्यांच्याकडेच आहे. घर तुम्हाला ठाऊक आहे, स्कूटरने पाच मिनिटांची वाट आहे. पुढच्या 19 डिसेंबरची वाट न पाहता जा, त्यांच्यासमोर बसा, आणि तो मोबाइल घरी ठेवून जा.