रंगीत स्क्रीनपेक्षा बॅटरी बघा

फोनपासून सुटका हवी असेल तर जुना पाम ऑर्गनायझर (पत्ते, तारखा ठेवायचं खिशात मावणारं यंत्र) घ्या, हा एका लेखात वाचलेला सल्ला मनापासून पटला. पण नवख्याने रंगीत स्क्रीनचाच घ्यावा, हे मात्र पटलं नाही. पत्ते, तारखा आणि कामांच्या याद्या एवढंच ठेवायचं असेल तर २००० सालचा, रंगीत स्क्रीन नसलेला पाम एम१०० पुरेसा आहे. मेमरी फक्त २ एमबी, पण नुसत्या मजकुराला ती भरपूर होते. मुख्य म्हणजे त्यात साध्या दोन ट्रिपल-ए बॅटऱ्या लागतात. पामच्याच २००२ च्या झायर या मॉडेलमध्ये बॅटरी आतच बसवलेली आहे, आणि इतक्या वर्षांनी ती कितपत टिकणार?

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: या जुन्या यंत्रांत बॅटरी पूर्ण संपली की सगळ्या नोंदी पुसल्या जातात. माझे दोन वर्षांचे पत्ते असेच गेले, अजून वाईट वाटतं. त्यामुळे संगणकावर प्रत काढता येईल ना, केबल सोबत मिळते ना, हे घेण्याआधीच विचारा.

ग्राफिटी लिपीची, म्हणजे पामच्या स्क्रीनवर पेनाने अक्षरं काढायच्या खास पद्धतीची, भीती नको. इंग्रजी ए (A) काढताना मधली आडवी रेघ द्यायची नाही, इतकं ते सोपं आहे. आठवड्याभरात हात बसतो.