डिजिटल एक्स-रे चुका लपवतो, म्हणून रेडिओग्राफीचा कोर्स वेगळ्या पद्धतीने शिकवायला हवा

बारावीचा निकाल लागला की रेडिओग्राफीच्या कोर्सची चौकशी सुरू होते. फी किती, नोकरी लागते का, सीटी-एमआरआय शिकवतात का. तिथे साधा एक्स-रे नीट शिकवतात का, हे मात्र कोणी विचारत नाही. मला वाटतं पहिला प्रश्न तोच असायला हवा, कारण आज सगळ्यात वाईट शिकवला जाणारा भाग तोच आहे.

फिल्मच्या काळात एक्स्पोजर (किरणांची मात्रा) जास्त गेलं की फिल्म काळी पडायची आणि कमी गेलं की पांढुरकी राहायची. चूक व्ह्यूबॉक्सवर (फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर) लटकलेली असायची, सगळ्यांना दिसायची. फॅक्टर, म्हणजे एक्स्पोजरसाठी यंत्रावर लावायचे आकडे, पाठ व्हायचे ते त्या धाकापोटी. डिजिटलमध्ये तो धाक उरला नाही. डिटेक्टरवर (किरणं टिपणाऱ्या पाटीवर) गरजेच्या चौपट किरणं पडली तरी सॉफ्टवेअर चित्राचा उजेड-अंधार सारखा करून देतं, आणि स्क्रीनवर झकास एक्स-रे दिसतो. कमी किरणं पडली तर मात्र चित्र दाणेदार येतं आणि डॉक्टरांचा लगेच फोन येतो. म्हणजे कमी दिलं तर ओरडा, जास्त दिलं तर शाबासकी. मग वर्षभरात त्या विभागातले फॅक्टर हळूहळू वर सरकतात. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण पेशंटच्या अंगावर जास्तीचा डोस जातोच. नवा विद्यार्थी कन्सोलवर सेट करून ठेवलेले तेच चढे फॅक्टर बघतो आणि तेच बरोबर समजतो.

यावर एक आकडा आहे आणि तो पहिल्या महिन्यात शिकवायला हवा: एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरणं पडली ते, आणि त्याच्याशी जोडलेला डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे ते लक्ष्यापासून किती सरकलं ते. डेव्हिएशन शून्य म्हणजे ठरवलेल्या लक्ष्याइतकंच एक्स्पोजर, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं, अधिक ६ म्हणजे चौपट. बहुतेक डिजिटल यंत्रांवर हा आकडा चित्राच्या कोपऱ्यात दिसतो. काही जुन्या सीआर रीडरवर (कॅसेटमधली प्लेट वाचणाऱ्या यंत्रावर) त्याऐवजी एस नंबर असतो आणि तो उलटा चालतो, एक्स्पोजर दुप्पट झालं की एस निम्मा होतो. हे माहीत नसेल तर माणूस नेमकी उलटी दुरुस्ती करतो.

एक प्रात्यक्षिक कुठल्याही कॉलेजला एका दुपारी करता येईल. प्लॅस्टिकच्या चौकोनी टबात २० सेंमी पाणी भरा आणि वर एक किल्ली ठेवा. टेबल बकी (टेबलाखालचा डिटेक्टरचा ट्रे), ट्यूबपासून १०० सेंमी अंतर, ८० केव्ही (किरणांची भेदकता ठरवणारा आकडा), ऑटोमॅटिक एक्स्पोजर बंद. मग ५, १०, २० आणि ४० एमएएसवर (किरणांचं प्रमाण ठरवणारा आकडा) चार एक्स्पोजर घ्या. चारही चित्रं उजेडाला जवळपास सारखी दिसतील. ५ एमएएसचं मोठं करून पाहिलं तर दाणे दिसतील, २० आणि ४० मधला फरक डोळ्याला फारसा कळणारच नाही. खाली एक्स्पोजर इंडेक्स मात्र दर वेळी साधारण दुप्पट होत गेलेला दिसेल. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पाठांतराची गरज उरत नाही.

या आकड्याचीही एक मर्यादा आहे. कोलिमेशन, म्हणजे किरणांचं फील्ड हव्या भागापुरतं आवळणं, सैल असेल, किंवा भागात मोठं इम्प्लांट असेल, तर यंत्राचा हिशेब चुकतो आणि आकडा फसवा येतो. त्यामुळे आधी कोलिमेशन, मग आकडा. इथे आणखी एक वाईट सवय दिसते. फील्ड मोकळं ठेवून एक्स्पोजर द्यायचं आणि नंतर स्क्रीनवर कडा कापून चित्र नेटकं करायचं. कापलं जातं ते चित्र. पेशंटच्या अंगावर गेलेली किरणं कापता येत नाहीत. परीक्षेत कापलेलं चित्र पाहून गुण देऊ नयेत, मूळ चित्र उघडायला लावावं.

मार्करचंही तेच. उजवी-डावी बाजू सांगणारा शिशाचा आर किंवा एल एक्स्पोजरच्या आधी फील्डमध्ये ठेवलेला असला पाहिजे. नंतर माउसने लावलेलं अक्षर हा पुरावा नव्हे, ती आठवण असते, आणि ओपीडीच्या गर्दीत आठवण दगा देते.

आता पोझिशनिंग. लॉगबुकात 'चेस्ट पीए : ५०' (पाठीकडून किरणं देऊन काढलेले छातीचे ५० एक्स-रे) लिहून सही घेतली म्हणजे चेस्ट आली असं होत नाही. खांदे पुढे लोटले का, म्हणजे स्कॅप्युला (खांद्याची पाती) फुप्फुसावरून बाजूला होतील? दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या आडव्या हाडांची) आतली टोकं मणक्याच्या स्पायनस प्रोसेसपासून (मागच्या मधल्या टोकापासून) सारख्या अंतरावर आहेत का? मागच्या १० फासळ्या मोजता येतात का? अंतर १८० सेंमीच होतं का? घाईत ट्यूब १०० सेंमीवरच राहिली आणि फॅक्टर १८० चेच राहिले, तर तीव्रता सव्वातीन पटींच्या आसपास जाते. हृदयाची सावलीही मोठी दिसते, आणि नसलेला हृदयाचा आजार रिपोर्टात येऊ शकतो. फिल्म असती तर काळी पडून ओरडली असती. डिजिटल गप्प बसतं.

गुडघ्याचा लॅटरल (बाजूने घेतलेला एक्स-रे) सगळ्यात जास्त रिपीट होणाऱ्यांपैकी एक. पेशंट दुखऱ्या कुशीवर, गुडघा २० ते ३० अंश वाकवलेला, ट्यूब ५ ते ७ अंश डोक्याकडे कललेली. तरी दोन कॉन्डाइल (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे गोल उंचवटे) एकमेकांवर बसले नाहीत, तर अंदाजाने पाय हलवून दुसरा, तिसरा एक्स-रे काढत बसू नये. ॲडक्टर ट्युबर्कल (हाडावरचा एक छोटा टेंगूळ) कुठल्या कॉन्डाइलवर आहे ते शोधा. तो मेडियल, म्हणजे आतल्या बाजूचा. तो मागे सरकलेला दिसत असेल तर गुडघ्याची वाटी टेबलाकडे आणखी थोडी झुकवा, पुढे गेलेला असेल तर उलट करा. चूक वाचता आली तर एका रिपीटमध्ये काम होतं. मला विचाराल तर कोर्समध्ये सगळ्यात मोलाचं कौशल्य हेच आहे आणि त्यालाच सगळ्यात कमी तास मिळतात.

म्हणून नाकारलेली चित्रं पुसून टाकू नका. महिन्याला एकदा ती काढून बसा आणि पोझिशन, एक्स्पोजर, हालचाल, आर्टिफॅक्ट (चित्रात आलेली परकी खूण) अशी कारणं मांडा. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने नाकारलेल्या चित्रांसाठी एकूण ८ टक्क्यांचं लक्ष्य सुचवलं आहे. एखादा विभाग शून्य टक्के सांगत असेल तर कौतुक करण्याआधी चौकशी करा. एक तर चित्रं पुसली जात आहेत, नाहीतर खराब चित्रं तशीच पुढे जात आहेत.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबद्दल मला राग येतो तो इथे. रडणारं मूल धरायला प्रत्येक वेळी विद्यार्थ्याला उभं करणं हे शिक्षण नव्हे. ते काम ॲप्रन घातलेल्या नातेवाइकाचं, आणि ती व्यक्ती गरोदर नाही हे विचारून घेतल्यावरच. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार १६ ते १८ वर्षांच्या शिकाऊंना वर्षाला ६ मिलिसिव्हर्टची (किरणांच्या डोसचं एकक) मर्यादा आहे. मोठ्या कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०. पण विद्यार्थ्याच्या नावाचा टीएलडी बॅजच (अंगावर पडलेला डोस मोजणारा बिल्ला) नसेल तर हे मोजणार कशाने? बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा. ॲप्रनसकट तो एक्स-रे रूममध्ये खुंटीला लटकत राहिला, तर तिमाहीच्या अहवालात भिंतीचा डोस येतो, तुमचा नाही.

'तीन महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन व्हा' अशा जाहिरातींबद्दल थोडंच. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात या क्षेत्रातल्या पदविका-पदवीसाठी किमान २००० तासांची अट आहे. रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी १२ आठवड्यांत ५७६ तास होतात. हिशेब तिथेच संपतो.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजशी जोडलेल्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात जाऊन चार गोष्टी विचारा. विद्यार्थ्यांच्या नावाने टीएलडी येतात का? मॅन्युअल मोडवर फॅक्टर लावू देतात का? नाकारलेल्या चित्रांची नोंद कुठे आहे? शिकवणारे एक्स्पोजर इंडेक्सबद्दल काय सांगतात? आणि प्रवेश घेतलाच असेल तर उद्यापासून एक छोटी वही खिशात ठेवा. प्रत्येक एक्स-रेला भाग, जाडी सेंटिमीटरमध्ये, केव्ही, एमएएस, अंतर, ग्रिड (विखुरलेली किरणं अडवणारी जाळी) होता की नाही आणि इंडेक्स. दोनशे नोंदी झाल्या की १०० सेंमीवर २० एमएएस चालत असेल तर १२० वर सुमारे २९ का लागतात, आणि ७० चे ८० केव्ही केले की एमएएस निम्मे का करता येतात, हे तुम्हीच वर्गाला समजावून सांगाल.