खारपाणाचं पाणी म्हणजे समुद्र नव्हे

घरी काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यातलं प्रवाळ पाळणाऱ्यांसाठीचा एकच निरोप गेल्या महिन्याभरात मला चार गटांतून आला. "समुद्री टाकीचं महागडं मीठ आणि टेस्ट किट हे दुकानदारांचं थोतांड आहे. आपल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी देवानंच खारं दिलं. त्यात खडे मीठ मिसळा, टीडीएस मीटर लावा. उन्हाळ्यात आटलं की तेच पाणी पुन्हा भरा. कॅल्शियमसाठी महिन्यातून एकदा पानाचा चुना टाका. पाणी काचेसारखं दिसतं तोवर काही तपासू नका." खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

मूर्तिजापूर-दर्यापूरकडे प्रवाळाची टाकी ठेवणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे हे कोणी मनावर घेणार नाही असं वाटलं होतं. मग एका रविवारी शेजारच्या गावातला बीएस्सीचा पोरगा पाण्याची बाटली घेऊन दारात उभा राहिला. "सर, मीटरवर तं सगळं बरोबर हाये जी, मंग झोअँथिड काहून उघडून नाही राह्यले?" झोअँथिड म्हणजे फुलासारखं उघडणारं एक मऊ प्रवाळ. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे, म्हणून बाटल्या माझ्याकडेच येतात. त्या बाटलीत काय निघालं ते सांगतो, आधी निरोपातलं पहिलं वाक्य पाहू.

पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं आहे, यात वाद नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यात जन्म गेलेल्याला ते सांगायला नको. पण किती खारं? माझ्या घरच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, ३००० मिलिग्रॅमच्या आसपास येतो. समुद्राचा ३५,०००. बरं, हा फरक मीठ टाकून भरून काढता येईल असं कोणी म्हणेल, आणि निरोपाची खरी चूक तिथेच आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये क्लोराइड साधारण १९ ग्रॅम, सोडियम पावणेअकरा ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४१० आणि बायकार्बोनेट जेमतेम १४० मिलिग्रॅम असतं. खुल्या समुद्रात पाणी कमी-जास्त खारं असलं तरी या प्रमुख क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. 'चॅलेंजर' या संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी तपासले, तेव्हा हे पक्कं झालं. प्रवाळ त्या प्रमाणाला सरावलेला जीव आहे. माझ्या बोअरमध्ये मात्र बायकार्बोनेटच ६०० मिलिग्रॅमच्या घरात भरतं, म्हणजे समुद्राच्या चौपट, आणि मॅग्नेशियम शंभरसुद्धा नाही. वर शेतातल्या खताचं नायट्रेट उतरलेलं असतं ते वेगळंच. खारेपणा सारखा केला तरी आतली माणसं वेगळीच.

खड्याच्या मिठाने ही उणीव भरत नाही, उलट वाढते. मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी काढून टाकतात. म्हणूनच तर मीठ खाता येतं! आपल्या हातात जे खडे येतात त्यात प्रवाळाला हवं ते बहुतेक आधीच गेलेलं असतं.

आता त्या पोराची बाटली. घनता १.०२५, अगदी बरोबर. कॅल्शियम १२० च्या आसपास, मॅग्नेशियम २०० च्या आत-बाहेर, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटसारख्या आम्ल मारणाऱ्या क्षारांचं माप, २० डीकेएच (हे तिचं एकक). टाकीत ती ७ ते ११ च्या दरम्यान हवी. झोअँथिड मेले नव्हते हेच नवल.

टीडीएस मीटरबद्दल फार लिहीत नाही. गावच्या डेअरीवर लॅक्टोमीटर पाहिलेला माणूस हे चटकन समजेल. दुधात पाणी घालून साखरेने घनता सावरली की लॅक्टोमीटर गप्प बसतो. टीडीएस मीटरही पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून आकडा सांगतो, विरघळलंय काय ते नाही. शिवाय खिशातली बरीच मीटरं १०,००० च्या आतच संपतात, समुद्राच्या पाण्यात बुडवून उपयोग शून्य. त्याची खरी जागा आरओच्या नळाखाली. घरचा पिण्याचा आरओ चव राखायला थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून मीटरवर ६०-८० दिसतं. टाकीसाठी पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा नळकांडा लावून तो आकडा शून्यावर आणायचा, आणि मग त्यात समुद्री मीठ. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तोही समुद्राइतक्या, म्हणजे हजारी ३५ खारेपणाच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून.

'आटलं की तेच पाणी भरा' हे वाक्य मे महिन्यात टाकी मारेल. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. बाहेर ४५ अंश असताना मी टाकीवर पंखा सोडतो, कारण चिलर परवडत नाही, आणि १०० लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर उडतात. ते दोन लिटर खाऱ्या पाण्याने भरले तर रोज ७० ग्रॅम मीठ वाढेल, दहा दिवसांत ३५ चं ४२ होईल. साध्या बोअरच्या पाण्याने भरलं तर? उन्हाळा संपल्यावर कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तो आठवा. तोच टाकीत साठणार. भरायचं ते शून्य टीडीएसचं गोडं पाणी, आणि रोज.

चुन्याच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त महागात पडतं. चुन्याची निवळी ही प्रवाळ पाळणाऱ्यांची जुनी, नावाजलेली पद्धत आहे. विझवलेला चुना कॅल्शियमही देतो आणि अल्कलिनिटीही, आणि प्रवाळ सांगाडा बांधताना ज्या प्रमाणात दोन्ही वापरतो त्याच प्रमाणात. पण एका लिटरमध्ये तो जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो आणि निवळीचा पीएच १२ च्या वर जातो. म्हणून शुद्ध चुन्याची वरची नितळ निवळी, तीही रात्री, थेंबाथेंबाने सोडायची. रात्री अशासाठी की उजेड नसला की पीएच आपसूक खाली आलेला असतो. महिन्यातून एकदा डबीभर पानाचा चुना ओतणं म्हणजे सलाइनची बाटली एका दमात पाजणं. त्या पोराच्या टाकीत तर अल्कलिनिटी आधीच २० होती. चुना पडताच पाणी ताकासारखं झालं आणि असलेलं कॅल्शियमही खडू होऊन तळाला बसलं.

शिवाय कमी काय पडलंय हे कळल्याशिवाय चुना टाकायचाच कशाला? इथे एक हिशेब ध्यानात ठेवा. सांगाडा किंवा शंख बनताना अल्कलिनिटी १ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅम उतरतं. म्हणजे अल्कलिनिटी ८ वरून ५ वर आली, टाकी संकटात आहे, आणि कॅल्शियम ४२० चं ३९९ झालंय. घरगुती किटवर हा फरक चुकीतच खपून जातो. म्हणून एकच किट परवडत असेल तर अल्कलिनिटीचा घ्या. मी मऊ प्रवाळच ठेवतो (दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आपल्या समुद्रातून उचललेला तुकडा कोणी देऊ केला तर हात लावू नका), तरी गुलाबी कोरलाइन शेवाळ आणि गोगलगायी आठवड्याला अर्धा-पाऊण डीकेएच खातात. तेवढं खायच्या सोड्याने भरतं. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा म्हणजे १ डीकेएच.

काचेसारख्या पाण्याचं काय सांगावं? अमोनियाला रंग नसतो. पीएच आणि उष्णता वाढली की त्याचा विषारी भाग वाढतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दोन्हींची कमतरता नाही.

एक कबुली. किटवर आंधळा विश्वास मीही ठेवला होता. एका दुकानाने मुदत संपलेला किट गळ्यात मारला, आणि मी तो पत्र्याखालच्या कपाटात ठेवून उरलीसुरली कसर भरून काढली. तीन आठवडे अल्कलिनिटी ११ दिसत होती, प्रत्यक्षात ६ होती. तेव्हापासून नवा किट आला की आधी त्याचीच परीक्षा घेतो. सोनाराच्या काट्यावर २.४ ग्रॅम खायचा सोडा मोजायचा, १० लिटर शून्य टीडीएसच्या पाण्यात विरघळवायचा. ते पाणी ८ डीकेएचचं. किट ८ च्या जवळ आला तर ठेवायचा, नाही तर परत. आणि उन्हाळ्यात किटची जागा माठाशेजारी.

निरोपात एक गोष्ट पटते. दुकानात बाटल्या फार विकतात. मऊ प्रवाळाच्या लहान टाकीत नियमित पाणी बदललं तर सूक्ष्म द्रव्यांच्या त्या रंगीत बाटल्यांची गरज मला आजवर पडली नाही. तिथे वाचवा पैसे. १०० लिटरच्या टाकीत १० लिटर बदलायला ३५०-३८० ग्रॅम समुद्री मीठ लागतं, पोतं नाही.

ज्यांनी निरोप वाचून टाकी भरलीच आहे त्यांनी घाबरून सगळं पाणी उपसू नये, २० वरून ८ वर एका दिवसात आणलं तर जे जगलंय तेही जाईल. त्या पोराला मी दर दोन दिवसांनी दहा टक्के बदलायला लावलं, चुना आणि सोडा दोन्ही बंद. परवाच्या बाटलीत अल्कलिनिटी १३ होती, मॅग्नेशियम ७५० च्या वर. दोन झोअँथिड अर्धे उघडलेत म्हणे. पुढची बाटली बुधवारी येईल.