दालीचं म्युझियम सव्वा तासात, पर्सांचं आउटलेट तीन तास

ज्या कुणा टूरवाल्याने ठरवलंय ना की स्पेनमधल्या फिगेरेस गावचं, चित्रकार साल्वादोर दालीचं म्युझियम सव्वा तासात "कव्हर" होतं, त्याला एकदा त्याच म्युझियममध्ये दिवसभर कोंडून ठेवा. मोबाईल काढून घेऊन. परत आल्यापासून डोकं तापलंय माझं, घरात कुणी ऐकून घेत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

बाबा चित्रकलेचे मास्तर होते, आता रिटायर झालेत. अख्खी नोकरी एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांना स्थिरचित्र शिकवण्यात गेली. स्पेनला जायचं म्हटल्यावर बाकी कशाचं त्यांना काही नव्हतं, फक्त "साल्वादोर दालीचं ते म्युझियम आहे ना गं त्यात?" एवढंच विचारत होते. आईचे गुडघे, तिचं खाणं वगैरे बघून ग्रुप टूर घेतली. ब्रोशरमध्ये म्युझियमच्या पानावर ती फेमस वितळलेली घड्याळं पानभर छापलेली, बाबांनी लगेच ओळखलं की हे चित्र तिथे नाहीये. नाहीचे! 1931 चं ते चित्र 1934 पासून न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये आहे, आणि आहे केवढं, 24 बाय 33 सेंटिमीटर, शाळेच्या ड्रॉइंगवहीच्या पानाएवढं. मी टूरच्या ऑफिसला फोन करून सांगितलं तर पलीकडून "मॅडम, ते इंडिकेटिव्ह असतं". बरं. मग तिथे गेल्यावर आमची निम्मी बस "घड्याळ कुठंय, घड्याळ कुठंय" करत खोल्याखोल्यांतून पळत होती आणि समोर जे होतं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचा दोष कुणाचा?

बसमध्ये बाबा जरा खुलले होते. एअर इंडियाची गोष्ट सांगत होते, 1967 साली आपल्या एअर इंडियाने दालीकडून अ‍ॅशट्रे डिझाइन करून घेतला, हंस उलटा केला की हत्ती दिसतो असा, आणि मोबदला म्हणून दालीने मागितलं काय, तर हत्तीचं पिल्लू! आणि यांनी दिलं की राव, बंगलोरहून विमानात घालून जिनिव्हाला पाठवलं. मागचे काका-काकू ऐकत होते, मस्त रंगलं होतं, तेवढ्यात टूर मॅनेजरने माइक हातात घेतला आणि सांगितलं की आउटलेटमध्ये व्हॅट रिफंडसाठी पासपोर्ट लागेल, सगळ्यांनी जवळ ठेवा. संपला हत्ती.

आता जागा काय आहे ते ऐका. गावातलं हे जुनं थिएटर, स्पेनच्या सिव्हिल वॉरच्या शेवटी जळून नुसत्या भिंती उरलेल्या. दाली याच गावचा, 1904 चा जन्म, समोरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, या थिएटरच्या लॉबीत त्याचं सुरुवातीचं प्रदर्शन, म्हणून त्याने हाच सांगाडा मागून घेतला आणि 1974 मध्ये त्याचं थिएटर-म्युझियम उघडलं. छतावर भलीमोठी अंडी, लाल भिंतीवर पावच पाव चिकटवलेले. 1989 ला गेला तर त्याला पुरलंही तिथेच, स्टेजखाली. म्हणजे वर काचेचा घुमट, खाली स्टेज, आणि त्या फरशीवर उभे राहून लोक बाटलीतलं पाणी पितायत, खाली तो आहे हे कुणी सांगायलाच नाही. 2017 मध्ये पितृत्वाच्या केसमध्ये त्याला उकरून काढलं होतं, मिशा जशाच्या तशा, दहा वाजून दहा मिनिटांवर होत्या म्हणे, आणि डीएनए मात्र जुळला नाही. एवढं मसालेदार मटेरियल हातात असून आमचा गाइड काय सांगतो? "वॉशरूम डाव्या बाजूला."

आणि मुद्दाम, अगदी ठरवून, दालीने तिथे "आधी हे बघा मग ते बघा" असा रस्ता ठेवलेला नाही. भरकटा, चुका, परत या, असंच आहे ते. आणि आम्ही? गाइडच्या पिवळ्या झेंड्यामागे दोन-दोनच्या रांगेत! चौकात ती काळी कॅडिलॅक आहे, नाणं टाकलं की गाडीच्या आत पाऊस पडतो, बाहेर कोरडं ठणठणीत. बाबा खिशात नाणं शोधेपर्यंत झेंडा पुढे गेलेला.

पण माझं खरं टाळकं सटकलं ते लिंकनपाशी. प्रचंड मोठं चित्र आहे, जवळून बघितलं तर गाला, त्याची बायको, पाठमोरी, खिडकीतून समुद्र बघतेय. 18 मीटर लांब गेलात की लिंकनचा चेहरा दिसतो, चित्राच्या नावातच लिहिलंय तसं. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेच्या लिऑन हार्मनने चौकोनी ठोकळ्यांमधून लिंकन केला होता, त्यावरून दालीने हे घेतलं, हेही तसंच ठोकळ्यांचं. गंमत अशी की ठोकळ्यांच्या कडा धारदार दिसतात तोवर डोळा त्यातच अडकतो, लांब जाऊन किंवा डोळे किलकिले करून त्या कडा पुसट झाल्या की मागचा चेहरा वर येतो. म्हणजे काम तुमच्या डोळ्याने करायचंय! मागे मागे सरकायचं, कुणाच्या तरी पायावर पाय द्यायचा, सॉरी म्हणायचं, आणि मग एका पावलावर "अर्रे!" व्हायचं. बाबा एक डोळा बारीक करून मागे सरकत होते, पोरांना प्रमाण मोजायला पेन्सिल धरून उभं राहायला शिकवायचे ना, तसेच उभे होते. आणि हा पठ्ठ्या गाइड ओरडतो, "मोबाईल काढा मंडळी, मोबाईलमधून बघा, लिंकन दिसेल!" झालं. स्क्रीनवर चित्र एवढंसं होतं, ठोकळे आपोआप पुसतात, लिंकन हजर. चाळीस हात वर, क्लिक क्लिक क्लिक, आणि बाबांच्या समोर चित्राऐवजी चाळीस छोटे लिंकन. अरे एवढा खटाटोप करून त्या माणसाने तुमच्यासाठी एक जादू ठेवली होती, ती तू तिसऱ्या सेकंदाला फोडलीस, आणि वर तोंडावर केवढं कौतुक!

मे वेस्टच्या खोलीचं तर बोलायलाच नको. ओठांचा सोफा, नाकाची फायरप्लेस, डोळ्यांच्या जागी पॅरिसची चित्रं, आणि जिना चढून उंटाच्या पोटाखालच्या भिंगातून बघितलं की सगळं मिळून मे वेस्ट या हॉलिवूडच्या नटीचा चेहरा. त्या जिन्यावर एकेक जण रील काढतोय. वर चढायचं, केस सारखे करायचे, भिंगाकडे पाठ करायची, परत एक टेक. रांग हलेना म्हणून आमच्या साहेबांनी जाहीर केलं, "इथे वेळ जाईल, मी ग्रुपवर फोटो टाकतो." म्हणजे मी सात समुद्र ओलांडून व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड बघायला आले होते का रे?

एक काका सारखं "हे तर आमचा नातू पण काढेल" म्हणत होते. काका, लाल मखमलीच्या त्या खोलीत 1945 ची पावाची टोपली आहे, टेबलाच्या कडेला ठेवलेली, मागे नुसता काळोख. त्या पावाचा तुटका भाग बघा, कुरकुरीत कड बघा, आणि मग आणा नातवाला. बाबा तिथे थांबले. खरंच थांबले, चष्मा वर, चष्मा खाली. मला म्हणाले, "अगं बघ, टोपलीची सावली कुठे संपते कळतंच नाही." बास, एवढंच बोलले आणि दारातून झेंडा हलायला लागला, "सर, सर, बस पार्किंगचा टाइम होतोय, तुमच्यामुळे सगळे खोळंबलेत." सत्तरी ओलांडलेल्या माणसाला! दागिन्यांचा वेगळा विभाग तिकिटातच आहे, तो तर कुणी दाखवलाच नाही, तिकडे जायचं दारच वेगळं.

आणि मग आउटलेट. तीन तास. तीन! तिथे मात्र कुणाला पार्किंग आठवलं नाही. आई एका बाकावर गुडघे चोळत, बाबा तिच्या शेजारी म्युझियमचं पत्रक उलटसुलट वाचत, आणि मी दहा पर्सांच्या दुकानांसमोरून येरझारा घालत. ज्यांना पर्सा घ्यायच्यात त्यांनी खुशाल घ्याव्यात, माझं काही म्हणणं नाही, पण मग पर्सांची टूर म्हणून विका ना. ब्रोशरवर घड्याळं कशाला छापता?

जाणाऱ्यांनो, स्वतःचे स्वतः जा. बार्सिलोना सान्त्सहून फास्ट ट्रेन तासाभरात फिगेरेस-विलाफांतला सोडते, तिकीट ऑनलाइन वेळ ठरवून आधीच काढा, सुट्टीचा वार बघून घ्या. हे मला आधी कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही, "आईवडील आहेत ना, मग ग्रुपच बरा" हेच ऐकलं सगळीकडून.

शेवटच्या दिवशी बसमध्ये फीडबॅक फॉर्म आला. पाच स्माइली आणि खाली लिहायला एक ओळ. टिप तर माणशी रोजच्या हिशोबाने आधीच कापलेली. मी फॉर्म उलटा केला, मागचं कोरं पान दोन्ही समासांपर्यंत भरून टाकलं, लिंकनसकट, आणि टूर मॅनेजरला नेऊन दिलं. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, एवढं कोण वाचणार, पुढच्या बाजूला स्माइलीवर टिक राहिलीये तुमची."